काजळीच्या वाटेने वीज
कार्बनयुक्त वीजवाहक प्लॅस्टिकची ओळख

जुन्या पोथ्या ज्या काळ्याभोर शाईने लिहिल्या गेल्या, ती शाई बहुधा घरीच तयार होत असे. तेलाच्या दिव्यावर भांडे उपडे धरून काजळी जमवावयाची आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ती तासन्‌तास घोटावयाची, ही त्याची रीत होती. घोटण्यात कसूर झाली की शाईत गुठळ्या होत आणि अक्षर फुटे. डिंक कमी पडला तर वाळलेली शाई बोटाला लागे. काजळी म्हणजे कार्बन आणि डिंक म्हणजे निसर्गाने घडविलेले बहुवारिक, म्हणजेच लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ. या दृष्टीने पाहता पोथीची शाई हे कार्बन आणि बहुवारिक यांचे एक जुने संमिश्रच होय.

आज याच जोडीतून एक निराळी द्रव्ये तयार होत आहेत. डिंकाच्या जागी पॉलिथिन, रबर, नायलॉन किंवा इपॉक्सी राळ आली आहे आणि दिव्याच्या काजळीऐवजी कारखान्यात तयार होणारे कार्बन ब्लॅक, ग्रॅफाइट किंवा कार्बनचे तंतू आले आहेत. मूळच्या वीजरोधक प्लॅस्टिकमधून बेताची वीज वाहू द्यावयाची, हा या मिश्रणाचा उद्देश असतो. जमिनीखालील विजेची केबल, कोळशाच्या खाणीतील वाहक पट्टा, कारखान्यातील कामगाराचा बूट आणि मोटारीचा टायर यांत ही द्रव्ये आपले काम मुकाट्याने करीत असतात. त्यांचा परिचय सर्वसामान्य वाचकाला, विशेषतः तंत्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांना व्हावा, यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

दोन टोकांच्या मधला प्रदेश

पदार्थ विजेला किती विरोध करतो हे त्याच्या रोधकतेवरून समजते. एक सेंटिमीटर लांबी, रुंदी व उंची असलेल्या ठोकळ्याचा समोरासमोरील बाजूंमध्ये जो विरोध भरतो, ती त्या पदार्थाची ओहम-सेंटिमीटरमधील रोधकता होय. तांब्याची रोधकता एका ओहम-सेंटिमीटरच्या सुमारे सहा लाखाव्या भागाइतकी अल्प असते. शुद्ध पॉलिथिनची रोधकता एकावर सोळा शून्ये किंवा त्याहूनही अधिक असते. या दोन आकड्यांचे गुणोत्तर काढले तर एकावर जवळजवळ बावीस शून्ये लिहावी लागतील.

व्यवहारात पुष्कळदा या दोहोंच्या मधली वस्तू हवी असते. प्लॅस्टिक आणि रबर घासले जाताच त्यांवर स्थिर विद्युत साचते, आणि ते वीजरोधक असल्याने तिला वाहून जाण्यास वाट मिळत नाही. विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत कृत्रिम धाग्याचा सदरा काढताना होणारी चटचट अनेकांनी ऐकली असेल. घरात हा प्रकार गमतीचा वाटतो. पेट्रोलच्या वाफा, रंगाच्या कारखान्यातील द्रावके किंवा पिठाची व कोळशाची धूळ जेथे असते तेथे मात्र तो जिवावर बेतू शकतो.

थोडे गणित केले म्हणजे धोक्याची कल्पना येईल. माणसाच्या शरीराची विद्युत धारणक्षमता साधारण १०० पिकोफॅरड धरली आणि चालताना किंवा बसल्या जागेवरून उठताना त्यावर १०,००० व्होल्टचा दाब साचला, तर ठिणगीतून सुमारे ५ मिलिज्यूल ऊर्जा बाहेर पडते. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण पेटण्यास सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. म्हणजे आवश्यक त्याच्या वीसपट ऊर्जा माणसाच्या बोटाच्या टोकाशी असू शकते.

यावर उपाय म्हणून धातूचाच बूट घालता येत नाही. शिवाय वीज पूर्णपणे मोकळी सोडणे हेही सुरक्षित नसते, कारण चुकून घरगुती विजेच्या तारेला हात लागला तर तीच मोकळी वाट प्राणघातक ठरेल. यास्तव स्थिर विद्युत प्रतिबंधक बुटाचा विरोध १ लाख ओहमपेक्षा कमी नसावा आणि १०० कोटी ओहमपेक्षा अधिक नसावा, अशी मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांत घातलेली आहे. १ लाख ओहम विरोध असताना २३० व्होल्टच्या दाबाने सुमारे २.३ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. तो जाणवेल, परंतु सहसा जीव घेणार नाही. दुसऱ्या टोकाला, १०० कोटी ओहम विरोध असला तरी अंगावरील भार सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. असा मधला विरोध कार्बनयुक्त बहुवारिकातून साधता येतो. ओलावा धरून ठेवणारी रसायने लावूनही स्थिर विद्युत घालविता येते. परंतु हवा कोरडी झाली की त्यांचा प्रभाव ओसरतो. कार्बनला हवेतील ओलाव्याची गरज नसते.

उंबरठा ओलांडताना

प्लॅस्टिकमध्ये थोडा थोडा कार्बन मिसळत गेलो तर वाहकता थोडी थोडी वाढत जाईल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तसे होत नाही. प्रारंभी पुष्कळ कार्बन घालूनही विशेष फरक पडत नाही. मग एका विशिष्ट प्रमाणाच्या आसपास रोधकता एकाएकी लक्षावधी, कधी कोट्यवधी पटींनी खाली येते. त्यानंतर आणखी कार्बन घातला तरी सुधारणा हळूहळूच होते.

ओढ्याच्या पात्रात दगड टाकीत राहिल्याची कल्पना करावी. आठ-दहा दगड पडले म्हणून पाय न भिजवता पैलतीर गाठता येत नाही. दगडांची लहान लहान बेटे तेवढी तयार होतात. आणखी दगड पडले की बेटे एकमेकांना भिडतात आणि अखेर एक दगड असा पडतो की ऐलतीरापासून पैलतीरापर्यंत सलग वाट तयार होते. तो दगड इतरांहून वेगळा नसतो. वाट मात्र त्याच्यामुळे पुरी होते. प्लॅस्टिकमधील कार्बनच्या कणांचेही असेच आहे. ज्या प्रमाणाला अशी पहिली सलग साखळी जुळते, त्यास झिरपण-उंबरठा म्हणतात.

या प्रश्नाचे गणित ब्रिटनमधील ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ली यांनी १९५७ मध्ये मांडले. ब्रॉडबेंट यांचा संबंध कोळशाच्या खाणीत वापरावयाच्या वायुरोधक मुखवट्यांच्या कामाशी आला होता. मुखवट्यातील सच्छिद्र कार्बनमधून वायू केव्हा पार होतो आणि केव्हा अडतो, या विचारातून झिरपण-सिद्धांत जन्माला आला. पुढे तो जंगलातील वणवे, साथीचे रोग आणि संमिश्रांतील वीज अशा अनेक प्रश्नांना लावण्यात आला.

विद्यार्थ्यांना हा सिद्धांत चौकटींच्या कागदावर पडताळून पाहता येईल. बारीक चौकटींचा मोठा कागद घेऊन त्यांतील चौकोन चिठ्ठ्या टाकून, म्हणजे कोणतीही निवड न करता, काळे करीत जावे. बाजूला बाजू लागलेल्या काळ्या चौकोनांची सलग वाट कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत केव्हा जुळते ते पाहावे. कागद पुरेसा मोठा असेल तर शेकडा ५९ चौकोन काळे झाल्याच्या सुमारास ती जुळते. घनाकृती चौकटींच्या रचनेत वाटा अधिक दिशांनी फुटू शकतात, म्हणून तेथे हे प्रमाण शेकडा ३१ इतके खाली येते. अस्ताव्यस्त मिसळलेल्या गोल कणांचा विचार करून शेर आणि झॅलन यांनी १९७० मध्ये दाखविले की, एकूण घनफळाच्या सुमारे १६ टक्के जागा वाहक कणांनी व्यापली की सलग वाट तयार होण्यास प्रारंभ होतो.

उंबरठा ओलांडल्यावर वाहकता साधारणपणे जादा कार्बनच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, उंबरठा १० टक्क्यांवर आहे. ११ टक्क्यांना जादा भाग १ आणि १४ टक्क्यांना ४. तेव्हा दुसऱ्या मिश्रणाची वाहकता पहिल्याच्या सोळापट असेल. आणखी एक गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. कणांनी एकमेकांना प्रत्यक्ष स्पर्श करणे आवश्यक नसते. दोन कणांमधील प्लॅस्टिकचा थर काही नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या काही अब्जांश भागांइतकाच पातळ असेल, तर इलेक्ट्रॉन तो ओलांडून जातात. अंतर थोडे वाढले की मात्र ही वाट झपाट्याने बंद होते.

लिंबे आणि काठ्या

कण कोणत्या आकाराचे आहेत यावर उंबरठा मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. अंगणात टोपलीभर लिंबे विखुरली तर ती एकमेकांना क्वचितच लागतील. तेवढ्याच वजनाच्या बारीक लांब काठ्या विखुरल्या तर त्या जागोजागी एकमेकींवर पडून सबंध अंगणभर जाळे तयार होईल. कार्बनच्या निरनिराळ्या रूपांत हाच भेद आहे.

कार्बन ब्लॅक हे खनिज तेलाच्या अपुऱ्या ज्वलनातून मिळते. त्याचे मूळ कण काही दहा नॅनोमीटर व्यासाचे असतात. परंतु ते सुटे नसून द्राक्षांच्या घडासारखे एकमेकांना जोडलेले असतात. घड जितका फांद्याफांद्यांचा, तितके थोड्या कार्बनमध्ये काम भागते. कार्बन तंतूची जाडी साधारण ५ ते १० मायक्रोमीटर असते आणि लांबी तिच्या अनेक पट असते. जपानचे सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये ज्यांकडे जगाचे लक्ष वेधले, त्या कार्बनच्या नॅनोनलिका जाडीच्या शेकडो पट लांब असतात. कांडीची लांबी जाडीच्या १०० पट असेल तर उंबरठा शेकडा एकाच्याही खाली येऊ शकतो, असा ढोबळ नियम आहे. नॅनोनलिकायुक्त इपॉक्सीमध्ये तर शेकडा एक दशांशाहूनही कमी प्रमाणात वाहकता आल्याचे प्रयोग नमूद आहेत. ग्रॅफाइटचा एकेरी थर असलेले ग्राफीन मँचेस्टर येथे गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी २००४ मध्ये वेगळे केले. त्याच्या पातळ पापुद्र्यांनीही थोड्या प्रमाणात असे जाळे विणता येते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वतःच वीज वाहून नेणारी बहुवारिकेही आहेत. त्यांचा शोध १९७७ मध्ये लागला आणि त्यासाठी शिराकावा, मॅकडायर्मिड व हीगर यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो विषय वेगळा आहे. प्रस्तुत संमिश्रांत बहुवारिक वीजरोधकच राहते. वीज वाहते ती त्यातील कार्बनच्या वाटेने.

वाहकता वाढते, पण...

एवढे वाचल्यावर सहज वाटेल की, भरपूर कार्बन घातला म्हणजे प्रश्न मिटला. परंतु वस्तू वापरात टिकली पाहिजे, ती वाकली, ताणली, आदळली तरी तुटता कामा नये. वीज आणि बळकटी यांची सांगड घालणे हाच या शास्त्रातील खरा अवघड भाग होय.

कार्बन घातल्याने ताठरपणा वाढतो. द्रवात गोल कण मिसळले असता त्याचा दाटपणा किती वाढेल, याचा हिशेब आइनस्टाइन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी केला होता. त्याचा विस्तार करून गुथ आणि गोल्ड यांनी १९३८ मध्ये दिलेले सूत्र पुढे रबरालाही लावण्यात आले. टायरच्या रबरात दर १०० भाग रबरास साधारण ५० भाग कार्बन ब्लॅक असते. घनफळाने ते सुमारे २० टक्के भरते. एवढ्या प्रमाणाला हे सूत्र ताठरपणा दुप्पट होईल असे सांगते. प्रत्यक्षात तो त्याहूनही अधिक वाढतो, कारण कार्बनच्या घडांच्या सांदीत अडकलेले रबर ताणापासून अलिप्त राहते आणि जणू कणाचाच भाग बनते.

रबराच्या बाबतीत ही भर वरदान ठरली आहे. स्टायरीन-ब्युटाडाइन या कृत्रिम रबराची तुटण्याची ताकद बारीक कार्बन ब्लॅकमुळे सुमारे दहापट होते आणि झीज पुष्कळ कमी होते. टायर काळे असतात याचे कारण हेच होय. कठीण प्लॅस्टिकमध्ये मात्र चित्र पालटते. मूळचे अनेक पट ताणले जाणारे पॉलिथिन भरपूर कार्बन घातल्यावर थोड्याच ताणात तुटते. आघात सोसण्याचा चिवटपणा घटतो. वितळलेले मिश्रण इतके घट्ट होते की साच्याचे कोपरे नीट भरत नाहीत. कार्बनची गुठळी राहिली तर तेथूनच तडा जाण्यास प्रारंभ होतो. कार्बनचे आखूड तंतू वापरल्यास ताठरपणा आणि ताकद दोन्ही वाढतात, कारण तंतू स्वतःच भार उचलतात. तथापि यंत्राच्या मळसूत्रात ते मोडतात आणि लांबी गेली की त्यांचे दोन्ही गुण उणावतात.

म्हणून शहाणा कारागीर आवश्यक तेवढाच कार्बन घालतो आणि तो योग्य जागी बसवितो. एकमेकांत न मिसळणारी दोन बहुवारिके घेतली तर कार्बन बहुधा त्यांपैकी एकात किंवा दोहोंच्या सीमेवर जमतो. तो जमलेला भाग वस्तूत सलग असला की एकूण कार्बन निम्म्याहून कमी लागू शकतो. जपानमधील सुमिता आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये या मार्गाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

घोटण्याचेही तसेच आहे. शाईप्रमाणे येथेही कमी घोटले तर गुठळ्या राहतात. परंतु शाईच्या उलट, अति घोटले तर कार्बनचे घड मोडतात, प्रत्येक कणाभोवती प्लॅस्टिकचे वेष्टन बसते आणि वाहकता घटते. साच्यात वेगाने दाबून भरलेल्या वस्तूच्या पृष्ठावर कार्बन कमी असलेली पातळ साय धरते. आतून वीजवाहक असलेली वस्तू यामुळे बाहेरून वीजरोधक भासू शकते. त्याच पाककृतीच्या दोन घाण्यांच्या रोधकतेत शंभरपटीचा फरक पडणे उंबरठ्याजवळ अशक्य नसते. यास्तव उद्योजकाने प्रमाण उंबरठ्यावरच न ठेवता त्याच्या थोडे पुढे ठेवणे श्रेयस्कर असते.

उष्णतेचा पहारेकरी

पॉलिथिनमध्ये कार्बन ब्लॅक मिसळलेले द्रव्य तापवीत नेले तर एक विलक्षण गोष्ट घडते. पॉलिथिनचा स्फटिकमय भाग ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळतो आणि आकारमान वाढते. कार्बनचे कण परस्परांपासून दूर जातात, साखळ्या तुटतात आणि विरोध हजारो पटींनी वाढतो. थंड होताच वाट पुन्हा जुळते. आपले तापमान आपणच आवरणारी तापक केबल आणि जळून न जाता पुन्हा कामास येणारा फ्यूज ही या गुणाची फळे आहेत. वितळल्यानंतर कण पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने बहुवारिकाच्या साखळ्या एकमेकींस बांधून घेतात.

ताणल्यानेही साखळ्या तुटतात. त्यामुळे कार्बनयुक्त रबराच्या विरोधातील बदलावरून ताण मोजणारे संवेदक तयार करता येतात.

केबलच्या सांध्यापाशी

शहरांत जमिनीखालून जाणाऱ्या ११, २२ किंवा ३३ हजार व्होल्टच्या केबलीत तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पिळाभोवती प्रथम कार्बनयुक्त काळा थर, मग वीजरोधक पॉलिथिनचा जाड थर आणि त्यावर पुन्हा एक काळा थर असतो. हे काळे थर वीज पुरविण्यासाठी नसतात. पिळाचा पृष्ठभाग उंचसखल असल्याने उंचवट्यांवर विजेचा ताण एकवटतो आणि सांदीतील हवेत बारीक विसर्ग होऊन वीजरोधक थर हळूहळू पोखरला जातो. काळा थर तो उंचसखलपणा झाकून ताण सर्वत्र सारखा वाटतो. आतील थराची रोधकता १,००० आणि बाहेरील थराची ५०० ओहम-मीटरहून अधिक नसावी, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे.

एका पावसाळ्यापूर्वी रस्त्याच्या कडेला खड्ड्यात बसून केबल जोडणारे एक वयस्क कारागीर प्रस्तुत लेखकाने पाहिले. बाहेरची काळी साल ते अतिशय सावकाश सोलीत होते. घाई का करीत नाही, असे विचारता ते म्हणाले, ‘‘साहेब, पातं जरा आत गेलं की पांढऱ्यावर चीर पडते आणि काळ्याचा डाग राहिला की वीज त्याच डागावरून चालते. सांधा आज नाही, पहिल्या पावसात फुटतो.’’ साखळी जुळली की वीज वाहते, हा सिद्धांत त्यांना कागदावर ठाऊक नसेल. हातांना मात्र तो पुरता ठाऊक होता.

चंद्रपूर-वणी पट्ट्यासारख्या कोळसा क्षेत्रांत वाहक पट्ट्यांबाबत हीच दक्षता आवश्यक असते. पट्टा रुळांवरून सतत घासत जातो आणि भोवती कोळशाची धूळ असते. स्थिर विद्युत प्रतिबंधक पट्ट्याच्या पृष्ठाचा विरोध ३० कोटी ओहमहून अधिक नसावा, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. टायरचे उदाहरणही बोलके आहे. १९९० नंतरच्या दशकात इंधन वाचविण्यासाठी टायरच्या वरच्या थरात कार्बन ब्लॅकऐवजी सिलिका वापरली जाऊ लागली. परंतु त्यामुळे गाडीवरील स्थिर विद्युत जमिनीत जाण्याची वाट बंद होऊ लागली. तेव्हा त्या थरात कार्बनयुक्त रबराची एक अरुंद पट्टी मुद्दाम ठेवावी लागली.

काळे ते सारे वाहक नव्हे

शेवटी एक इशारा. प्लॅस्टिक काळे दिसते एवढ्यावरून ते वीजवाहक आहे असे कदापि समजू नये. आपल्या शेतातील पॉलिथिनच्या काळ्या नळीत सुमारे अडीच टक्के कार्बन ब्लॅक असते. ते उन्हातील अतिनील किरणांपासून नळीचे रक्षण करण्यासाठी असते. हे प्रमाण उंबरठ्याच्या पुष्कळ खाली असल्यामुळे ती नळी वीजरोधकच राहते. साध्या काळ्या डब्यात पेट्रोल नेणे हे साध्या पांढऱ्या डब्यात नेण्याइतकेच धोक्याचे आहे. मान्य नमुन्याचा डबाही वाहनात ठेवून भरू नये. तो जमिनीवर ठेवून, नळीचे तोंड त्याला टेकवून भरावा.

वस्तू वाहक आहे किंवा नाही याचा निर्णय डोळ्यांनी नव्हे, मापनाने करावयाचा असतो. १० सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड पट्टीचा विरोध १,००० ओहम भरला तर तिची रोधकता २० ओहम-सेंटिमीटर होय. मात्र दोन टोकांना नुसत्या सुया टेकवून मोजल्यास पृष्ठावरील साय आणि स्पर्शातील विरोध हेही त्यात धरले जातात. म्हणून टोकांना चांदीचा वाहक रंग लावतात, किंवा प्रवाहासाठी दोन आणि दाब मोजण्यासाठी दोन अशी चार टोके वापरतात.

पोथी लिहिणारा शाईची परीक्षा पहिल्या अक्षरात घेई. ती बिघडली तर एक पान वाया जाई. आजच्या काजळीची परीक्षा खाणीत, पेट्रोल पंपावर आणि रस्त्याखालील सांध्यात होते, आणि तेथे पणास लागतात ते माणसांचे जीव. कार्बनचे प्रमाण ठरविणारा रसायनज्ञ, मिश्रण घोटणारा यंत्रचालक, मापन करणारा तपासनीस आणि काळी साल सोलणारा कारागीर हेही एका साखळीचेच कण आहेत. त्यांतील एकही निसटता कामा नये.